पाठवलेले बिल परत का येते? एकाच पत्त्यावरून गेलेल्या मेलना मिळालेले तऱ्हतऱ्हेचे नकार

कातळावरची बाग (देवगड)

सर्वांना नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि काही वर्षांपासून आम्ही पेट्या दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. बागेच्या नावाने डोमेन घेतलेले आहे. पेटी गाडीत चढली की बिल आणि गाडीचा तपशील गिऱ्हाइकाला मेलने जातो, ही आमची पद्धत. पडवीतल्या जुन्या संगणकावर बिलांचा प्रोग्राम आहे आणि त्याला जोडून मेल पाठवणारा एक छोटा प्रोग्राम माझ्या भाच्याने बसवून दिला होता. भाचा आता बोटीवर असतो आणि बोट बंदराला लागल्याशिवाय त्याच्याशी नीट बोलणे होत नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

यंदा पहिल्या मोहोराचा आंबा सुरू झाल्यापासून मेल परत येऊ लागले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळेच दिसते. इंग्रजी मजकूर जसा दिसला तसा देवनागरीत उतरवून देतो. मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कार्यालयात पडवीतल्या संगणकावरून बिल पाठवले, तर ‘५५४ ५.७.१, सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड’ असे लिहून परत आले आणि त्यात झेन आणि स्पॅमहॉस असे शब्द होते. तेच बिल मी फोनवर वेबमेल उघडून, त्याच पत्त्यावरून, त्याच माणसाला पाठवले, तर मुकाट्याने पोहोचले. पुण्याच्या एका कंपनीच्या खरेदी विभागाचा प्रकार नेमका उलटा वाटतो, कारण तेथे वेबमेलवरून पाठवलेलाही परत येतो. ज्या मोफत मेलसेवेवर आपल्यापैकी बहुतेकांचे खाते असते, तिच्यावरच्या गिऱ्हाइकांना वेबमेलवरून पाठवले की ‘५५० ५.७.२६’ आणि पुढे ‘अनऑथेंटिकेटेड’ असा शब्द येतो. एका महाविद्यालयाने ‘४५१, ग्रेलिस्टेड’ असे कळवले, मी डोक्याला हात लावून बसलो, आणि पाऊण तासाने त्या प्राध्यापकांचाच फोन आला की बिल मिळाले.

वीज गेली की आम्ही फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवतो. तेव्हा तर नकारही येत नाही. मेल रांगेत नुसता पडून राहतो. या सगळ्यावर कडी म्हणजे, मी आयुष्यात कधी ज्यांना पत्र लिहिले नाही अशा परदेशी पत्त्यांवरून ‘तुमचा मेल पोहोचवता आला नाही’ अशी उत्तरे मध्यरात्री डझनांनी येऊन पडतात. संगणकात काही शिरले आहे की काय, अशी घरातल्यांना भीती वाटते. हंगाम तोंडावर आहे आणि बिल मिळाल्याशिवाय कार्यालये पैसे सोडत नाहीत. नेमके काय बिघडले आहे, आणि कोणाचे?


दर्यावर्दी (मालवण)

फार काळजी करू नका. माझ्या होमस्टेच्या मेलचे असेच झाले होते. स्पॅमहॉस म्हणजे जंक मेलशी संबंधित क्रमांकांच्या याद्या ठेवणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर आपला आयपी क्रमांक (इंटरनेट जोडणीचा पत्ता) टाकावा. काळ्या यादीत नाव दिसले की तेथेच ते काढून टाकण्याची विनंती करता येते. पाच मिनिटांचे काम आहे. पुन्हा यादीत आले तर पुन्हा काढावे.


खाडीपलीकडे (रत्नागिरी)

मी एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे ही नकाराची पत्रे वाचणे हे माझे रोजचे काम आहे. दर्यावर्दी यांचा सल्ला सद्‌भावनेचा आहे, पण या बाबतीत तो लागू पडत नाही. तो का, हे समजले की पहिले कोडे आपोआप सुटते.

आधी एक मूलभूत गोष्ट. परत आलेल्या पत्रावर ‘मेलर डीमन’ असे पाठवणाऱ्याचे नाव दिसते. पुष्कळ जण ते समोरच्या कार्यालयाचे पत्र समजून त्यावर रागावतात, पण बहुतेक वेळा ते पत्र आपल्याच बाजूच्या, म्हणजे मेल घेऊन गेलेल्या, सर्व्हरने लिहिलेले असते. तो समोरच्या दारात गेला, तेथे त्याला एका ओळीत नकार मिळाला, आणि ती ओळ जशीच्या तशी आत डकवून त्याने आपल्याला कळवले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पत्राच्या वरच्या भागातील लांबलचक इंग्रजी सोडून द्यावे आणि तीन आकडी क्रमांकापासून सुरू होणारी ती एकच ओळ शोधावी. ती समोरच्याची आहे.

त्या क्रमांकाचा पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. चारपासून सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’, आणि पाचपासून सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. ही पद्धत १९८२ च्या मूळ एसएमटीपी नियमांपासून (सर्व्हरांनी एकमेकांना मेल कसा द्यायचा याच्या नियमांपासून) चालत आलेली आहे. त्यानंतर ठिपक्यांनी तोडलेला जो आकडा येतो, त्यातला मधला अंक तक्रारीचे खाते सांगतो. एक असेल तर पत्त्यात खोट आहे, दोन असेल तर पेटीत (म्हणजे मेलपेटीत, बागायतदारांशी बोलताना हे सांगावे लागते), आणि सात असेल तर सुरक्षा किंवा धोरण आड आले आहे. आपल्या बहुतेक नकारांत सात आहे. म्हणजे पत्ते बरोबर आहेत, मेलपेट्याही जागेवर आहेत. फक्त आपल्याला आत घ्यायचे नाही असे कोणीतरी ठरवले आहे.

आता मुंबईचे कार्यालय. आपला पडवीतला प्रोग्राम घरच्या फायबरवरून थेट त्या कार्यालयाच्या सर्व्हरचे दार ठोठावतो. स्पॅमहॉसच्या याद्यांपैकी पीबीएल नावाची जी यादी आहे ती गुन्हेगारांची यादी नाही. घरगुती जोडण्यांना वाटले जाणारे, वरचेवर बदलणारे जे आयपी क्रमांक असतात, त्यांच्यावरून कोणी थेट मेल पोहोचवणे अपेक्षित नाही, एवढेच ती सांगते, आणि त्यातले बरेच पट्टे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच नोंदवलेले असतात. घरगुती संगणकात विषाणू शिरला की तो असाच थेट दारोदार जाऊन जंक मेल टाकतो, म्हणून घेणारे सर्व्हर अशा क्रमांकाला उंबऱ्यावरच थांबवतात. त्या यादीतून नाव काढण्याची सोय आहे, पण ती स्थिर आयपी घेऊन स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी. आपला राउटर वीज गेल्यावर पुन्हा चालू झाला की क्रमांक बदललेला असू शकतो. काल काढून घेतलेले नाव आज शेजाऱ्याच्या वाट्याला जाईल आणि आपल्या वाट्याला नवा, यादीतलाच क्रमांक येईल. पूर्वी हेच मेल जात होते, याचे कारण ते कार्यालय तेव्हा ही यादी पाहत नसेल किंवा आपल्या जुन्या जोडणीचा क्रमांक त्या यादीत नसेल.

वेबमेलवरून तेच बिल पोहोचले, कारण तेथे दार ठोठावणारा आपला संगणक नसून होस्टिंगवाल्याचा, म्हणजे आपल्या डोमेनचा मेल सांभाळणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर होता. पत्ता एकच असला तरी मेल नेणारा वेगळा, आणि समोरचा आधी नेणाऱ्याकडे पाहतो.

उपाय असा, की पडवीतल्या प्रोग्रामने थेट कोणाकडेही जाऊ नये. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रिले’ किंवा ‘स्मार्टहोस्ट’ असा रकाना असेल. तेथे होस्टिंगच्या मेल सर्व्हरचे नाव, पोर्ट ५८७, आणि आपल्या मेलखात्याचे नाव व पासवर्ड भरावा. मग प्रोग्राम मेल होस्टिंगकडे सोपवेल आणि पुढचा प्रवास होस्टिंगचा सर्व्हर करील. हॉटस्पॉटचे कोडेही यातच मिटेल. सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वरून बोलतात आणि अनेक मोबाइल कंपन्या ते पोर्ट ग्राहकांसाठी बंदच ठेवतात, म्हणून आपला प्रोग्राम दारापर्यंतही पोहोचत नाही आणि त्याला नकारही मिळत नाही. ५८७ हे पोर्ट मात्र आपल्यासारख्यांनी पासवर्ड देऊन मेल सोपवण्यासाठीच आहे, ते सहसा उघडे असते.

पुण्याच्या कंपनीची नकाराची ओळ पूर्ण पाठवावी. आणि आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींची इंटरनेटवरची जाहीर वही) एसपीएफची, म्हणजे आपल्या नावाने कोणी मेल आणावा याची, नोंद काय आहे तेही पाहून सांगावे; ५.७.२६ चे मूळ तेथे असावे असा माझा अंदाज आहे.


कातळावरची बाग (देवगड)

मनःपूर्वक आभार. कबूल करतो की आपले उत्तर येण्यापूर्वी मी दर्यावर्दी यांच्या सांगण्याप्रमाणे विनंती करून टाकली होती. दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली, आणि क्रमांक खरोखरच बदललेला होता.

रिलेचा रकाना सापडला. भाच्याने तो रिकामा ठेवला होता. ५८७ टाकून मुंबईच्या कार्यालयाला बिल पाठवले आणि पाच मिनिटांत तेथून पोच मिळाली. हॉटस्पॉटवरूनही गेले.

पुण्याच्या कंपनीची ओळ अशी आहे: ‘५५४ ५.७.१, सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड युझिंग झेन स्पॅमहॉस’, आणि त्यापुढे ‘एरर, ओपन रिझॉल्व्हर’. होस्टिंगच्या सर्व्हरचा आयपी मी स्पॅमहॉसवर स्वतः टाकून पाहिला, तेथे कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही. यादीत नाव नाही आणि यादीत आहे म्हणून नकार, हे मला उमगत नाही.

एसपीएफच्या नोंदीत एका होस्टिंग कंपनीचे नाव आहे आणि शेवटी उणे चिन्ह लावलेला ‘ऑल’ हा शब्द आहे. ते नाव आमच्या जुन्या होस्टिंगवाल्याचे आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही स्वस्त पडते म्हणून दुसरीकडे गेलो. डोमेन मात्र ज्याच्याकडून मुळात घेतले त्याच्याकडेच आहे.


खाडीपलीकडे (रत्नागिरी)

दोन्ही गोष्टी उलगडल्या. पुण्याची आधी घेतो, कारण या प्रकारात निरपराध माणसे महिनोन्‌महिने स्वतःच्या सर्व्हरमध्ये दोष शोधत बसतात.

घेणारा सर्व्हर यादी कशी पाहतो ते समजून घ्यावे लागेल. तो काही संकेतस्थळ उघडून बघत नाही. तो डीएनएसलाच प्रश्न विचारतो. समजा आपला क्रमांक २०३.०.११३.२५ आहे. सर्व्हर तो उलटा करून २५.११३.०.२०३ असा लिहितो, त्याच्या शेपटीला झेन यादीचे (स्पॅमहॉसच्या याद्या एकत्र करणाऱ्या यादीचे) डोमेन जोडतो आणि ‘या नावाचा पत्ता काय?’ असे विचारतो. असे नावच नाही असे उत्तर आले, तर क्रमांक स्वच्छ. नाव सापडले, तर उत्तरात १२७.०.० ने सुरू होणारा एक खोटा पत्ता येतो आणि त्याचा शेवटचा आकडा यादी सांगतो. दोन आला तर एसबीएल, म्हणजे जंक मेलच्या धंद्याशी जोडलेले क्रमांक. चार आला तर एक्सबीएल, म्हणजे विषाणूने ताब्यात घेतलेली यंत्रे. दहा किंवा अकरा आला तर पीबीएल, ज्यात आपली पडवी होती. सगळी देवघेव डोळ्याचे पाते लवण्याआधी होते आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही, हे त्या युक्तीचे मर्म आहे. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी यांनी सुरू केलेल्या पहिल्या अशा यादीनंतर ही पद्धत मेलच्या जगात रूढ झाली.

आता गोम येथे आहे. स्पॅमहॉसची फुकट सेवा वापरायची तर कोण विचारते आहे हे त्यांना दिसावे लागते. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत प्रश्न आला, तर त्यामागे कोणता सर्व्हर आहे हे कळत नाही, म्हणून ते खरे उत्तर देण्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा आकडा पाठवतात. त्याचा अर्थ ‘तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारत आहात, आम्ही उत्तर देत नाही’ असा आहे. (रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा सर्व्हर.) तो आकडा पाठवणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. पण ज्या सर्व्हरला ‘कोणतेही उत्तर आले की नाव यादीत आहे असे समज’ एवढेच शिकवलेले असते, तो त्यालाही नकारच समजतो. पुण्याच्या कंपनीत कोणीतरी सर्व्हरचा डीएनएस बदलून सार्वजनिक केला असावा आणि तेव्हापासून तो सर्व्हर दारात येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हाकलत असावा. मोठ्या मेलसेवांना त्यांनी आधीच तपासणीतून सूट दिलेली असेल, तर कार्यालयात कोणाच्या ते लक्षातही येणार नाही; मार आपल्यासारख्या छोट्या डोमेनांना बसतो.

म्हणजे येथे आपल्याला आपल्या बाजूने दुरुस्त करण्यासारखे काही नाही. त्यांच्या संगणक विभागाला फोन करावा आणि सांगावे की सर्व्हरने स्वतःचा रिझॉल्व्हर वापरावा किंवा स्पॅमहॉसची नोंदणी करून मिळणारी किल्ली घ्यावी. ते पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम वापरत असतील, तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरे नकारासाठी धरावीत असेही त्यात लिहिता येते. फोन करा म्हणतो, कारण प्रत्येक मेल घेणाऱ्या डोमेनला पोस्टमास्टर हा पत्ता चालू ठेवणे नियमाने बंधनकारक असले, तरी येथे त्या पत्त्यावर पाठवलेला मेलही बहुधा त्याच उंबऱ्यावरून परत येईल. कडी आतून लागलेली आहे, मागच्या दाराने हाक मारावी लागेल.

आता ५.७.२६. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये लावलेली जाहीर पाटी: ‘आमच्या नावाने मेल आणण्याची परवानगी अमुक सर्व्हरना आहे.’ शेवटचे उणे चिन्ह म्हणजे ‘इतर कोणी आणल्यास तो आमचा नाही’. आपण होस्टिंग बदलले, पण पाटीवर जुन्याचेच नाव राहिले. म्हणजे नवा होस्टिंगवाला आपले खरे बिल घेऊन जातो आणि आपलीच पाटी त्याला तोतया ठरवते. होस्टिंग आणि डोमेन एकाच ठिकाणी असते, तर ही नोंद बहुधा आपोआप बदलली असती. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पहिली दोन जुळली नाहीत तर मेलचे काय करावे हे सांगणारी नोंद) ही तिन्ही लागतात. आपल्यासारख्या छोट्यांना गूगलकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक तरी जुळावेच लागते. आपल्याकडे पहिले चुकीचे आणि दुसरे नाहीच.

तेव्हा नव्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी तयार दिसतील, त्या उचलून डोमेन जेथे आहे तेथील डीएनएसमध्ये लावाव्यात. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर उमटणारी सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. ती आवर्जून लावावी, कारण एखाद्या गिऱ्हाइकाने आपला मेल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपोआप पुढे जाण्याची सोय केली असेल, तर नेणारा बदलल्यामुळे एसपीएफ मोडते, पण मजकुराला कोणी हात लावला नसेल तर सही टिकते.

मध्यरात्रीच्या परदेशी पत्रांबद्दल जुना टपाली काका लिहितील तर बरे. त्यांच्याइतके ते मला सांगता येणार नाही.


जुना टपाली (वेंगुर्ले)

खाडीपलीकडे यांनी नाव काढले म्हणून लिहितो. मी टपाल खात्यात नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर एका पतसंस्थेचा मेल बघता बघता हे शिकलो. बटवड्याला गेलेले पत्र परत आले की आम्ही त्यावर शेरा लिहीत असू: ‘पत्ता अपुरा’, ‘मालक गावी नाही’, ‘घेण्यास नकार’. शेऱ्यावरून पुढचे ठरते. या सर्व्हरांचे आकडे मला त्याच शेऱ्यांसारखे वाटतात, फक्त पोस्टमनचे अक्षर लागत नसे आणि यांचे इंग्रजी लागत नाही.

आपण न पाठवलेल्या पत्रांचे शेरे आपल्याला येतात, याचे कारण असे. प्रत्येक मेलला दोन ‘प्रेषक’ असतात. एक पत्राच्या आत, जो आपल्याला वाचताना दिसतो. दुसरा पाकिटावर, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. पत्र परत करायचे झाले, तर ते पाकिटावरच्या नावाला परत जाते. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, अगदी टपालात लिहू शकत असे तसेच. एखादा ठग हजारो मेल सोडतो आणि पाकिटावर आपल्या बागेचे नाव टाकतो. ज्यांना ते मेल जातात त्यांतली बरीच नावे मेलेल्या खात्यांची असतात. नीट चालवलेला सर्व्हर दारातच ‘असा मालक नाही’ म्हणून नकार देतो, तेव्हा तो नकार ठगाच्या यंत्रालाच मिळतो आणि गोष्ट तेथे संपते. पण काही सर्व्हर आधी पत्र ठेवून घेतात, मग मालक शोधतात, मग सापडला नाही म्हणून परत पाठवतात, आणि पाठवतात ते पाकिटावरच्या नावाला, म्हणजे आपल्याला. आपल्या संगणकात काही शिरले असेल असा याचा अर्थ होत नाही. तरीही पासवर्ड बदलून घ्यावा, आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘पाठवलेल्या मेलची नोंद’ उघडून त्या रात्री आपल्या खात्यातून काही गेले का ते पाहावे. गेलेले नसेल, तर घरातल्यांना निर्धास्त झोपायला सांगावे.

एक बारकावा मला फार आवडतो. सर्व्हर जेव्हा परत पत्र पाठवतो, तेव्हा त्या पत्राच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मुद्दाम कोरी ठेवतो. का, तर ते परतपत्रही पोहोचले नाही तर ते पुन्हा कोणाकडे परत जाऊ नये. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना ‘पोहोचले नाही, पोहोचले नाही’ असे जन्मभर लिहीत बसतील. आमच्या खात्यात ज्याचा धनीही सापडत नाही आणि पाठवणाराही, अशा पत्रांसाठी रिटर्न्ड लेटर ऑफिस असते. येथे ते थेट टाकून देतात.

महाविद्यालयाचा ‘ग्रेलिस्टेड’ हा शेरा खरे तर शेराच नव्हे. अनोळखी सर्व्हर, अनोळखी प्रेषक आणि हा पत्ता, अशी तिघांची जोडी प्रथमच दिसली की तो सर्व्हर मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ म्हणतो. ठगांची यंत्रे बहुधा परत येत नाहीत. खरा सर्व्हर येतो, कारण नियमच आहे की चारच्या नकारानंतर निदान अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस चिकाटी सोडू नये. अशा वेळी आपण मध्ये पडून तेच बिल पुन्हा पाठवले, तर गिऱ्हाइकाला दोन बिले मिळतात. आमच्या पतसंस्थेत एका सभासदाने त्यामुळे दोनदा हप्ता भरला होता.


दर्यावर्दी (मालवण)

माझा सल्ला मागे घेतो. माझ्याकडे स्थिर आयपी आहे, म्हणून तो मला लागू पडला होता. हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता.


कातळावरची बाग (देवगड)

आठवडाभराचा वृत्तान्त देतो. पुण्याच्या कंपनीला फोन केला. खरेदी विभागातल्या बाईंनी आधी ‘आमच्याकडे सगळे मेल येतात’ असे सांगितले; मी नकाराची ओळ वाचून दाखवल्यावर त्यांनी संगणक विभागाला जोडून दिले. तेथील मुलाने ‘ओपन रिझॉल्व्हर’ हे शब्द ऐकताच ‘अरे देवा’ असे म्हटले. दुसऱ्या दिवशी बिल गेले, आणि तीन पेट्यांची नवी मागणीही आली.

एसपीएफच्या बाबतीत मात्र मी घोळ घातला. जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी लावली. म्हटले दोन्ही असू देत, कोणती तरी चालेल. त्यानंतर दोन दिवस मोफत मेलसेवेवरचा एकही मेल पोहोचेना. होस्टिंगच्या मदत विभागाने सांगितले की एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते आणि दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही रद्द धरतो. जुनी काढली, डीकेआयएम लावले, आणि आता कलमाखाली उभ्या उभ्या फोनवरून पाठवलेली बिलेही जात आहेत. मध्यरात्रीच्या पत्रांच्या वेळी आमच्या खात्यातून काहीही गेलेले नव्हते, तेही पाहून घेतले.

दोन शंका उरल्या आहेत. होस्टिंगवाल्याने सुचवले म्हणून मी डीमार्कची नोंद ‘नन’ (म्हणजे न जुळलेल्या मेलवर काहीच कारवाई नको) अशी लावली, तेव्हापासून मोठ्या मेलसेवांकडून रोज दाबलेल्या फायली येतात, त्यांचे काय करायचे? आणि ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाला पाठवलेला मेल अजूनही परत येतो. त्यावर ‘५५० ५.१.१’ आहे.


खाडीपलीकडे (रत्नागिरी)

त्या फायली म्हणजे हिशेबाच्या वह्या आहेत. आपल्या डोमेनच्या नावाने त्या दिवशी कोणत्या आयपीवरून किती मेल आले आणि त्यातले किती एसपीएफ व डीकेआयएमला उतरले, एवढेच त्यांत असते. कच्च्या स्वरूपात त्या वाचवत नाहीत, पण त्या उघडून तक्ता करून देणाऱ्या सोयी फुकट मिळतात. निदान महिनाभर, म्हणजे हंगामाचा जोर असताना, नोंद ‘नन’ वरच ठेवावी. तक्त्यात आपल्या होस्टिंगचा क्रमांक सर्वत्र उत्तीर्ण दिसला आणि बाकी क्रमांक अनोळखीच निघाले, की ‘क्वारंटाइन’ (न जुळलेला मेल संशयित म्हणून बाजूला ठेवा) करावे. मग आपल्या नावाने ठगांनी सोडलेले मेल पुष्कळ ठिकाणी थेट जंकमध्ये जातील. घाईने आजच कडक नोंद लावली आणि एखादी जागा विसरली (बिलांचा प्रोग्राम, संकेतस्थळावरचा मागणी अर्ज, असे काही), तर आपलेच मेल अडकतील. मे महिन्यात ते परवडणार नाही.

ठाण्याच्या मेलमध्ये मधला अंक एक आहे. त्या नावाचे खातेच तेथे नाही. पेटीवर लावायला आलेली चिठ्ठी किंवा मागणीचा संदेश पुन्हा वाचून पत्ता पाहा, आणि तरी जुळत नसेल तर गिऱ्हाइकाला फोन करून तो अक्षरागणिक विचारून घ्या.